हार्ट सर्जरी आणि औषधांचा तुटवडा: प्रोटामीन, हेपॅरिन पुरवून कसं वापरायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी हार्ट सर्जरीसाठी भूल देतो, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. सध्या आमच्याकडे प्रोटामीनची बोंब आहे. स्टॉकिस्टला फोन केला की "शॉर्ट आहे सर, मंगळवारी बघा", आणि मंगळवारी परत तेच. आजूबाजूच्या सेंटरवाल्यांचीही हीच रड ऐकली म्हणून म्हटलं इथं धागा काढावा, डॉक्टर, पर्फ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारे), सिस्टर, फार्मसीवाले सगळेच आहेत.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. ओपन हार्टमधे पेशंटचं रक्त नळ्यांतून हार्ट-लंग मशीनमधे फिरवावं लागतं आणि रक्त प्लास्टिकला लागलं की गोठायला लागतं, म्हणून आधी हेपॅरिन देतात. ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. काम झालं, पंप बंद झाला की हेपॅरिनचा उतारा म्हणून प्रोटामीन द्यायचं, ते सॅमन माशाच्या नराच्या वीर्यापासून काढतात. दोन्ही औषधं जुनी, स्वस्त, बनवणारे मोजके, आणि रोजच्या कामात दोघांनाही धड पर्याय नाही. बायव्हॅलिरुडिन आहे पण त्याला उतारा नाही, किंमत अफाट, आणि ते वापरताना सर्किटमधे रक्त कुठं साचून राहिलं तर तिथं गोठतं. ज्यांना हेपॅरिन चालतच नाही त्यांच्यासाठी ठीक, रोज उठून नाही.

माझं म्हणणं असं की तुटवड्यात औषध वाचवायचं ते पेशंटला लागणारा डोस कापून नाही, तर जे वाया जातं आणि जे नुसत्या सवयीनं जास्त दिलं जातं ते थांबवून. आणि ते आधी बसून ठरवायचं, पेशंट टेबलवर घेतल्यावर नाही.

उदाहरण देतो. ६० किलोचा पेशंट धरा. आपण ओटीत ३ मिलिग्रॅम पर किलो म्हणतो म्हणजे ३०० युनिट, तर १८,००० युनिट हेपॅरिन झालं. पंपाच्या प्राइममधे (नळ्यांत आधी भरून ठेवायच्या द्रवात) अजून ५,०००. एकूण २३,०००. आता १०० युनिटला १ मिलिग्रॅम प्रोटामीन असा हिशोब सगळ्यावर लावला तर २३० मिलिग्रॅम, ५० ची ॲम्प्युल येते म्हणजे पाच फोडल्या. पण हेपॅरिन काही शरीरात तसंच बसून राहत नाही, तास-दीड तासात निम्म्यावर येतं. फक्त सुरुवातीच्या डोसवर हिशोब धरला तर १८०, आणि त्याच्या ०.८ पट दिलं तर १४४, म्हणजे तीन ॲम्प्युलमधे काम होतं. दहा-पंधरा मिनिटं सावकाश द्यायचं, एसीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती टेस्ट) करायची, बेसलाइनला (हेपॅरिन देण्याआधीच्या आकड्याला) आली आणि फील्ड कोरडं दिसतंय तर थांबायचं. नाही आली तर २५-२५ ने पुढं. चौथी ॲम्प्युल हाताशी असावी पण फोडलेली नसावी.

आणि यात पेशंटचं नुकसान नाही, उलट फायदाच आहे, कारण जास्तीचं प्रोटामीन स्वतःच प्लेटलेटचं काम बिघडवतं आणि रक्तस्राव वाढवतं. २०१८ च्या अमेरिकन गाइडलाइनमधेही प्रोटामीनच्या एकूण डोसला वरची मर्यादा घालून दिली आहे ती याचसाठी. म्हणजे ही शिस्त तुटवडा नसतानाही पाळायला हवी होती. तुमच्याकडे काय करतात ते लिहा.

पंपवाली

सर, धागा काढलात बरं झालं. मी पर्फ्युजनिस्ट, पुण्यात.

आधी एक गोष्ट ठळक लिहिते कारण इथं नवीन मुलं पण वाचतात. हेपॅरिनचा पंपावरचा डोस कधीही, कुठल्याही तुटवड्यात कमी करायचा नाही. एसीटी ४८० सेकंदाच्या वर आल्याशिवाय आम्ही पंप चालू करत नाही, संपला विषय. ऑक्सिजनेटरमधे क्लॉट झाला तर काय होतं ते ज्याने बघितलंय तो हा विचारसुद्धा करणार नाही. आणि डोस देऊनही एसीटी वर येत नसेल, म्हणजे पेशंट आधीच आठवडाभर हेपॅरिनवर होता वगैरे, तर हेपॅरिनवर हेपॅरिन ओतत बसू नका, बहुतेकदा अँटिथ्रॉम्बिन (रक्तातलं प्रथिन, हेपॅरिन त्याच्यामार्फतच काम करतं) कमी पडलेलं असतं, एफएफपी (रक्तपेढीतला गोठवलेला प्लाझ्मा) द्या, व्हायली वाचतील आणि वेळ पण.

मग हेपॅरिन वाचवायचं कुठं? ओटीत नाही, ओटीच्या बाहेर. आयसीयूत जाऊन बघा, प्रत्येक बेडच्या आर्टिरियल लाइनच्या (बीपी मोजायला धमनीत घातलेल्या नळीच्या) फ्लशच्या बॅगेत हेपॅरिन टाकलेलं असतं. बॅगेला लागतं ५०० नाहीतर १,००० युनिट आणि त्यासाठी २५,००० ची व्हायल फोडतात, मग ती तशीच सुई खोचलेली फ्रीजच्या दारात पडून असते, तारीख नाही वेळ नाही, संध्याकाळच्या सिस्टर येतात त्या बरोबरच करतात, टाकून देतात, आणि नवीन फोडतात. साध्या सलाईनचा फ्लश बहुतेक पेशंटना पुरतो, प्रेशर बॅग ३०० वर फुगवलेली ठेवली की झालं. सेंट्रल लाइनचं पण तेच. आमच्याकडे हे बंद केल्यावर आयसीयूचं हेपॅरिनचं इंडेंट एकदम खाली आलं.

फ्लशला लागतंच असेल तर ५,००० वाली छोटी व्हायल वापरा आणि फोडल्याची तारीख-वेळ लिहा. मोठ्या व्हायली फक्त ओटी आणि कॅथलॅबसाठी राखा.

अनुराधा_लातूर

मी डॉक्टर नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांची व्हॉल्वची सर्जरी होती, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. आदल्या रात्री आमच्या हातात चिठ्ठी दिली, हे इंजेक्शन बाहेरून आणा, नाही मिळालं तर उद्याची केस होणार नाही. माझा भाऊ आणि मेव्हणा रात्रभर मोटारसायकलवर फिरले, चार दुकानं, नाही, नाही, नाही. शेवटी एकानं नंबर दिला, त्या माणसानं चौपट पैसे सांगितले, बिल मिळणार नाही म्हणाला, आणि खिशातून काढून दिलं. बाबा बरे आहेत आता, देवाची कृपा. पण मला अजून कळत नाही की आम्ही ते घ्यायला पाहिजे होतं का नाही. त्यावेळी दुसरं काय करणार होतो सांगा. तुम्ही लोक आधी बसून ठरवा म्हणताय ते आमच्यापर्यंत कधी पोचतच नाही, आम्हाला फक्त चिठ्ठी दिसते.

विदर्भी_फार्मासिस्ट

अनुराधाताई, तुमच्या भावानं केलं ते कुठल्याही मुलानं केलं असतं, त्यात तुमची काही चूक नाही. चिठ्ठी देणाऱ्यांनी ती वेळ तुमच्यावर आणायला नको होती. पण बाकी वाचणाऱ्यांसाठी कळकळीनं सांगतो, बिलाशिवाय, बॅच नंबर न तपासता, खिशातून निघालेलं इंजेक्शन घेऊ नका. थंड ठेवायचं औषध कुठं कसं ठेवलं होतं ते कळायला मार्ग नसतो, ही एक गोष्ट. दुसरी जास्त भयंकर आहे.

२००७-०८ सालची गोष्ट. त्याच्या आधी चीनमधे डुकरांमधे ब्लू इअर नावाच्या रोगाची साथ आली, कच्चं हेपॅरिन महागलं, आणि कुणीतरी त्यात ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट मिसळलं. दिसायला, वागायला हेपॅरिनसारखं, त्यावेळच्या नेहमीच्या टेस्टमधे पकडलं जात नव्हतं. अमेरिकेत डायलिसिस आणि हार्टच्या पेशंटना इंजेक्शन दिल्या दिल्या बीपी कोसळायला लागलं, माणसं गेली, मग माल परत बोलावला आणि पुढं टेस्ट बदलल्या. तुटवडा आला की भेसळ त्याच्या मागोमाग येते, हे त्या प्रकरणात दिसलं. आणि तो माल तर सरळ रस्त्यानं, कागदपत्रांसकट आलेला होता, खिशातल्या मालाची काय गॅरंटी.

तुटवडा होतो कसा ते पण सांगतो. ऑगस्ट २०१८ मधे चीनमधे आफ्रिकन स्वाइन फीवर शिरला, वर्षभरात तिथली डुकरांची संख्या जवळपास ४० टक्क्यांनी घटली, आणि जगातल्या कच्च्या हेपॅरिनचा मोठा हिस्सा तिथूनच येतो. भाव चढले. आपल्याकडे हेपॅरिनची कमाल किंमत सरकारने बांधलेली आहे. कच्चा माल महाग आणि विकायचा भाव तोच, मग कंपनी बनवेल कशाला? शेवटी २०२० मधे एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी खात्याने) कमाल किंमत ५० टक्क्यांपर्यंत वाढवू दिली ती औषध बाजारातून गायब होऊ नये म्हणूनच. स्वस्त औषध असणं गरिबासाठी चांगलंच, पण इतकं स्वस्त की कुणी बनवेनाच, असं झालं तर त्याचा फटका पण गरिबालाच बसतो.

आणि एक, बरेच डॉक्टर म्हणतात हेपॅरिन नाही तर वॉर्डात एनॉक्सापॅरिन द्या. देता येतं, पण ते सुद्धा हेपॅरिनपासूनच बनतं हो! डुकराचा तुटवडा लांबला तर ते पण मागोमाग जाणार. फोंडापॅरिनक्स सिंथेटिक आहे, त्याचा डुकराशी संबंध नाही, वॉर्डातल्या पेशंटसाठी किडनी बघून तिकडे वळता येतं.

ताई, तुमचे वडील महात्मा फुले योजनेत होते का? असतील तर औषधं पॅकेजमधेच धरलेली असतात, बाहेरून आणायला सांगता येत नाही. हॉस्पिटलमधे आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं जाऊन लेखी द्यायचं. औषध बाजारातच नाही अशी तक्रार एनपीपीएच्या फार्मा जन समाधानवर कुणालाही करता येते, आणि हॉस्पिटलच्या फार्मसीने तर ती करायलाच पाहिजे, आपण फक्त स्टॉकिस्टवर ओरडतो.

टाका_घट्ट

मी सर्जन आहे, कृष्णाकाठ सरांशी थोडा मतभेद नोंदवतो. ०.८ चा हिशोब कागदावर छान दिसतो. पण छाती बंद करायला मी उभा असतो, आणि सगळीकडून पाझर चालू असतो तेव्हा एसीटी १२० दाखवते म्हणून मी निवांत कसा राहू? थोडं हेपॅरिन उरलेलं असलं तर एसीटीला ते कळतच नाही, तेवढं बारीक तिला दिसत नाही. आणि रात्री ड्रेनमधून रक्त यायला लागलं, पेशंट परत आत घेतला, तर चार पिशव्या रक्त, एफएफपी, प्लेटलेट, भूल, आयसीयूचे दोन दिवस जास्त, आणि त्या रात्री परत हेपॅरिन-प्रोटामीनचा खेळ. दोन ॲम्प्युल वाचवायला गेलो आणि रक्तपेढी रिकामी केली असं नको व्हायला. ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरीब पेशंटचं रक्त उभं करणं म्हणजे काय ते तुम्हालाही माहितीये.

कृष्णाकाठ

टाका_घट्ट, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य, म्हणूनच "डोस कापायचा नाही" असं वर लिहिलं. ०.८ ही सुरुवात आहे, शेवट नाही. एसीटी बारीक हेपॅरिन पकडत नाही हे खरं, त्यामुळं पाझर असेल आणि तुमच्याकडे टेग (रक्त कसं गोठतं त्याची रेघ काढणारं मशीन) असेल तर हेपॅरिनेजच्या (हेपॅरिन नष्ट करणाऱ्या एन्झाइमच्या) कपासोबत लावा. दोन रेघांत फरक दिसला तर हेपॅरिन उरलंय, प्रोटामीन द्या, बिनधास्त द्या. फरक नसेल तर मात्र अजून प्रोटामीन देऊन उपयोग नाही, तिथं फायब्रिनोजेन (गुठळी बनवणारं प्रथिन) बघा, प्लेटलेट बघा, नाहीतर टाका बघा. माझा आक्षेप आहे तो "ओझिंग आहे, अजून ५० दे" या न बघता दिलेल्या ५० ला.

आणि रिबाउंड. पेशंट आयसीयूत गेल्यावर तासा-दोन तासांनी टिश्यूमधलं हेपॅरिन परत रक्तात उतरतं आणि ड्रेन वाढतो. त्यासाठी प्रत्येक केसमागं एक ॲम्प्युल आयसीयूत राखून ठेवायची, सीलबंद, आणि लागली नाही तर सकाळी स्टोअरला परत. ही एक ॲम्प्युल मी कधीच वाचवणार नाही.

ट्रानेक्सामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) सगळ्यांना द्याच, ते आपल्याकडे भरपूर बनतं, स्वस्त आहे, रक्त वाचलं की बाकी सगळं वाचतं. त्याच कामाचं ॲप्रोटिनिन २००७ मधे बाजूला पडलं तेव्हा सगळ्यांचा भार यावरच आला आणि यानं तो पेलला.

ब्लू_रिज

मी मूळ सोलापूरची, गेली बरीच वर्षं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात हॉस्पिटल फार्मसीत आहे. तुम्हाला वाटेल अमेरिकेत कसला आलाय तुटवडा. सप्टेंबर २०२४ मधे हेलेन वादळ आलं आणि आमच्या राज्यातल्या मॅरियनजवळच्या बॅक्स्टरच्या कारखान्यात पाणी घुसलं. देशातल्या सलाईनपैकी सुमारे ६० टक्के तिथं बनायचं, एका कारखान्यात! देशभर हॉस्पिटलांनी ठरलेल्या सर्जरी पुढं ढकलल्या. मिठाचं पाणी हो, दुसरं काही नाही.

हार्टच्या ओटीत सलाईन कुठंकुठं लागतं याची तेव्हा यादी केली तर डोळे पांढरे झाले. सेल सेव्हरमधे रक्त धुवायला, हृदयावर बर्फाचा चुरा टाकायला, छाती धुवायला, प्रत्येक औषधाच्या ड्रिपला, आणि नुसती लाइन चालू ठेवायला बारीक चालणारी बॅग, तीच सगळ्यात जास्त. लाइन चालू ठेवायच्या बॅगा बंद केल्या, कॅप लावली. अँटिबायोटिक बॅगेतून देण्याऐवजी सिरिंजनं सावकाश. पेशंट तोंडानं पिऊ शकतो तर प्यायला द्या. बॅग बदलायची ती संपली म्हणून, वेळ झाली म्हणून नाही, अर्थात इन्फेक्शन कंट्रोलच्या मर्यादेत. यातल्या कितीतरी गोष्टी पुरवठा सुरळीत झाल्यावरही तशाच चालू ठेवल्या.

त्याच्या आधी २०१७ मधे सोडिअम बायकार्बोनेट संपलं होतं. अलाबामातल्या मोबाईल शहरातल्या एका हॉस्पिटलने तेव्हा सात ओपन हार्ट सर्जरी पुढं ढकलल्या. बायकार्ब म्हणजे खायच्या सोड्याचंच इंजेक्शन. त्यातून मी शिकले ते हे की कुठली औषधं "महत्त्वाची" याची यादी किमतीवरून करायची नाही. जे नसलं की केसच होत नाही ते महत्त्वाचं, मग ते पन्नास रुपयांचं का असेना. अशा औषधांचे किती दिवस पुरतील एवढे नग आहेत ते आमच्याकडे रोज सकाळच्या बोर्डवर असतं, नुसते नग नाही, दिवस. नगांवरून कुणाला काही कळत नाही.

पंपवाली

ब्लू_रिजताई, दिवस लिहायची कल्पना फारच आवडली, उद्याच सांगते आमच्या फार्मसीत.

कार्डिओप्लेजियाबद्दल लिहायचं राहिलं होतं. हृदय थांबवायचं द्रव. सेंट थॉमस नावाचं दर वीस मिनिटांनी परत द्यावं लागतं, डेल निडो नावाचं एकदा दिलं की तास-दीड तास बघायला नको, त्यामुळं एकूण द्रव कमी लागतं. पण त्यातही मॅनिटॉल, मॅग्नेशियम, बायकार्ब, पोटॅशियम, लिग्नोकेन लागतं आणि बेसला प्लाझ्मालाइट. यातलं एक जरी शॉर्ट झालं की अडलं. प्लाझ्मालाइट नसेल तर रिंगर लॅक्टेटवर बनवणारे आहेत आपल्याकडे, पण हा बदल सर्जन, भूलतज्ज्ञ आणि आम्ही तिघांनी मिळून लिहून ठरवायचा, त्या दिवशी सकाळी पंपावर उभ्या मुलीनं एकटीनं नाही. पोटॅशियमशी खेळ आहे तो.

ओटी_सिस्टर_मंगल

मी बोलू का? तीस वर्षं ओटीत काढलीत. तुम्ही सगळे डोसबद्दल बोलताय, मला कपाटाबद्दल बोलायचंय. तुटवडा आहे असं कळलं की सगळ्यात आधी काय होतं माहितीये का, प्रत्येक युनिट आपापलं लपवून ठेवतं. एका सरांच्या लॉकरमधे दहा ॲम्प्युल, दुसऱ्यांच्या ड्रॉवरमधे सहा, आणि स्टोअरमधे शून्य. मग रात्री महाधमनी फाटलेला पेशंट येतो आणि सिस्टरनं कुणाकुणाला फोन लावायचे? लपवलेल्यातलं निम्मं नंतर एक्स्पायर होऊन निघतं ते वेगळंच. तुटवड्यातली औषधं एकाच ठिकाणी, कुलपात, रजिस्टरवर. केसचं नाव लिहून नग द्यायचे, उरलेले सीलबंद परत घ्यायचे. पहिले काही दिवस कुरकुर होते, मग होते सवय.

दुसरं, इमर्जन्सी ट्रे. प्रत्येक केसला ॲड्रेनलिन, नॉरॲड, अट्रोपिन, अजून काय काय भरून ठेवायचं आणि संध्याकाळी न वापरलेलं सगळं बेसिनमधे. ॲड्रेनलिन भरलेलं हवंच, त्यावर तडजोड नाही. पण बाकीच्या ॲम्प्युल ट्रेमधे शेजारी सिरिंज ठेवून न फोडता राहू द्या, फोडून भरायला अर्धं मिनिट लागतं. आणि एक ॲम्प्युल दोन पेशंटना वापरू असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. त्यात प्रिझर्वेटिव्ह नसतं. फार्मसीत लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) सिरिंज भरून देता येत असतील तर ती वेगळी गोष्ट, टेबलवर नाही.

टाका_घट्ट

मंगलसिस्टर बरोबर बोलल्या, माझ्याही लॉकरपर्यंत येऊ द्या ते रजिस्टर, माझी हरकत नाही.

आता अवघड प्रश्न. समजा दहाच केसचं प्रोटामीन उरलंय आणि लिस्टवर पंधरा आहेत. कोण ठरवणार? आमच्याकडे आत्तापर्यंत जो आधी बोलला त्याची केस, आणि हे बरोबर नाही.

कृष्णाकाठ

आम्ही सध्या केलंय ते सांगतो, त्यात सुधारणा सुचवा. आधी राखीव साठा बाजूला काढला, रात्री-अपरात्री येणाऱ्यांसाठी, त्याला ठरलेल्या केससाठी हात लावायचा नाही. मग ज्यांना थांबवलं तर जीव जाईल ते, मग लहान मुलं ज्यांचं थांबून फुफ्फुसाचं प्रेशर वाढत जाणार आहे, मग बाकीचे. आणि बायपास जिथं बीटिंग हार्टवर (ऑफ पंप, म्हणजे मशीन न लावता धडधडत्या हृदयावर) नीट होऊ शकते तिथं तीच, कारण ऑफ पंपला हेपॅरिन साधारण निम्मं लागतं आणि प्रोटामीनही अर्धं देऊन भागतं. आपल्याकडे बहुतेक सर्जनचा हात त्यावर बसलेला आहे, हा आपला मोठा आधार आहे. पण ज्याचा हात बसलेला नाही त्यानं तुटवड्यासाठी म्हणून ऑफ पंप करू नये, हे पण लिहून ठेवलंय.

ठरवतात तिघं: एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ, फार्मसीची मॅडम. ज्याची केस आहे तो सर्जन त्या दिवशी मत देत नाही. पैसे भरणारा आणि योजनेतला असा भेद नाही, हे ट्रस्टींकडून लेखी घेतलं. आणि अनुराधाताई, तुमची पोस्ट वाचून यात एक वाक्य वाढवायचं ठरवलंय: नातेवाइकांना या औषधांसाठी चिठ्ठी द्यायची नाही. औषध नसेल तर केस पुढं का गेली ते डॉक्टरनं स्वतः, दिवसा, बसून सांगायचं.

अनुराधा_लातूर

एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी आम्ही थांबलो असतो सर. धन्यवाद. आणि फार्मासिस्टदादा, हो, बाबा योजनेतच होते. आरोग्यमित्राचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

विदर्भी_फार्मासिस्ट

ताई, चिठ्ठी जपून ठेवली असेल तर अजूनही लेखी देता येईल, द्या.

पंपवाली

एक विचारायचं होतं, एक्स्पायरी जवळ आलेल्या ॲम्प्युलचं काय करता? अमेरिकेत तुटवड्यात तारीख वाढवून देतात असं ऐकलंय.

ब्लू_रिज

हो, पण ते एफडीए (अमेरिकेचं औषध नियंत्रण खातं) करतं, कंपनीच्या डेटावरून, ठरावीक बॅच नंबरपुरतं. हॉस्पिटल स्वतःच्या मनानं करत नाही.

विदर्भी_फार्मासिस्ट

आपल्याकडे तारीख उलटली की ते औषध द्यायचं नाही, कितीही तुटवडा असो. त्यामुळं तारीख उलटायच्या आधीच हलवायचं. नियर एक्स्पायरी माल पुढच्या रांगेत, लाल स्टिकर, आणि तीन महिने उरले की ज्या सेंटरला केस जास्त आहेत त्यांना देऊन बदल्यात लांबच्या तारखेचा घ्यायचा. नागपुरात आम्ही काही हॉस्पिटलांच्या फार्मसीवाल्यांनी यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, चलन करून रीतसर देवाणघेवाण होते. पश्चिम महाराष्ट्रात असा ग्रुप करायचा असेल तर कृष्णाकाठ सर, तुमच्या फार्मसीच्या मॅडमना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा, आमचा चलनाचा नमुना आणि रजिस्टरचे रकाने पाठवून देतो.

कृष्णाकाठ

आजच सांगतो. मिरज, कोल्हापूर, सोलापूरचे कुणी वाचत असतील तर त्यांनीही हात वर करा, माझ्याकडे हेपॅरिन बरं आहे, प्रोटामीन हवंय.